साडभाऊंचे कान

माझ्या दाढेनेही दिला नाही इतका त्रास मला आमच्या साडभाऊंच्या कानांनी दिला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्कांचा, हा नवरा वडनेरात कापूस पिकवायचा आणि ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायचा. ऐकण्याआधी भिंतीवरचे घड्याळ बंद, अक्कांचे लाटणे बंद, म्हशीच्या गळ्यातली घंटा काढून ठेवलेली, आणि पाहुण्याने श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मी टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा त्यांनी मला वाळीत टाकायचेच काय ते बाकी ठेवले. "टेपात आवाजाचा जीव जाते, साडभाऊ. निरा चोथा राह्यते!"

मग दर खेपेला परीक्षा. तबकडी आणि टेपवर उतरवलेली तिची नक्कल, दोन्ही एकाच रेडिओतून वाजवायच्या आणि कोणती कुठली ते त्यांनी ओळखायचे. यंत्रांपाशी त्यांची एकुलती लेक शांता, आणि साडभाऊंना दिसू नये म्हणून मध्ये त्यांच्याच लग्नातला अंतरपाट धरून मी आणि अक्का. स्वतःच्या लग्नात मी एवढा वेळ अंतरपाटापाशी उभा नव्हतो. दंड भरून यायचे, आणि हा गृहस्थ दहातले नऊ बरोबर ओळखायचा! दहावे चुकले की, "तुम्ही खोकलले न!"

त्या आश्विनात शांताचे लग्न ठरले, थेट नागपूरला. जाण्याआधी तिची भुलाबाईची गाणी टेपवर घ्यावीत, असे अक्कांच्या मनात आले. साडभाऊ कडाडले, "माह्या पोरीचा चोथा मले घरात नको!"

अक्काही काही कमी नव्हत्या. "दहा डाव ऐका. निम्म्याच्यावर चुकले तं गाणी घ्यायची."

पुन्हा अंतरपाट. साडभाऊ दहाच्या दहा चुकले. अक्का हसल्या, शांता गायली, मी टेप फिरवली. परतीच्या बसमध्ये डोक्यात उजेड पडला. अहो, अंदाजपंचे सांगणाऱ्याचेही चार-पाच बरोबर येतात. सगळी चुकायला सगळी ओळखावी लागतात! शिवाय त्या दिवशी घड्याळही चालूच होते. बोललेला शब्द गिळण्यापेक्षा हरणे त्यांना सोपे गेले असावे.

पुढच्या वर्षी गेलो तर साडभाऊ माझ्याच टेपरेकॉर्डरपुढे बसलेले. तो मी तिथेच ठेवला होता, मागायची हिंमत कुणाला? शांताचे गाणे चालले होते. घड्याळ बंद, घंटा खुंटीला.

मी दबक्या आवाजात चिडवले, "काय साडभाऊ, चोथा ऐकता?"

"चोथाच हाये," ते म्हणाले. "फरक तं कळतेच. पण अस्सल आता दिवाळीलेच येते न."

मी शेजारी टेकलो आणि श्वास जपून घेऊ लागलो.