आमाजवळ कोण राहणार

बिर्गिताने स्वतःचं ताट स्वतः धुतलं, ही बातमी सकाळी सातच्या आत पाणवठ्यावर पोचली होती.

"एवढी डेन्मार्कची मुलगी, पण राखेनं ताट घासते हो!" खिमसरी आमा आपलं लुगडं पिळता पिळता बायकांना सांगत होती. "हाताला फोड आले माझ्या छोरीच्या. पण ऐकेल तर शपथ."

तिच्यामागे दोन घागरी घेऊन तिची सून टेकमाया उभी होती. अकरा वर्षं ती त्या घरातली ताटं घासत होती. ताटंच कशाला, कढया, तपेली आणि म्हशीची बादलीसुद्धा. त्याची बातमी चुलीपासून उंबऱ्यापर्यंतही कधी गेली नव्हती.

आणि गंमत म्हणजे ही ब्याद तिनंच घरात आणली होती. टेकमाया वरच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात आया होती. गारपिटीनं इस्पितळाच्या पाहुणेघराचं छप्पर गेलं, तेव्हा सेवेला आलेल्या परदेशी मुलींना कोण ठेवून घेणार, असं मेट्रननं विचारलं. नवरा कतारला, वरची खोली रिकामी, म्हणून टेकमायानं हात वर केला. चार महिन्यांचा तर प्रश्न, असं तिला वाटलं.

आठव्या दिवशी बिर्गितानं चुलीवर नाचणीच्या पिठाचा ढिंडो केला. पीठ खाली लागलं, वर गुठळ्या राहिल्या. आमानं दोनदा मागून घेतला. "धुराचा वास कसा छान लागलाय," म्हणाली. टेकमाया नवी नवरी असताना तिच्या पहिल्या ढिंडोला असाच वास लागला होता, तो थेट म्हशीच्या गव्हाणीत गेला होता. म्हशीनंही तोंड फिरवलं, ही पुस्ती आमा अजून पाहुण्यांना ऐकवायची.

बिर्गिता बोलायची तेही धेडगुजरी. "आमा, तू बस. मी पाणी आणतो." साठीला आलेल्या बाईला अरेतुरे, आणि स्वतःला पुरुष करून टाकायचं! आमा हसून हसून पदर डोळ्याला लावायची. टेकमायाच्या तोंडून एखादा 'हो' जरा आखूड निघाला, तर मात्र दोन दिवस अबोला.

कतारहून नवऱ्याचा, भीमलालचा फोन आला. "आमा म्हणते, गोरी मुलगी फार गुणाची आहे. तुझं पटतं ना तिच्याशी?"

"न पटायला काय झालं?" टेकमाया म्हणाली. "माझी काय ती सवत आहे?"

पलीकडून हसू आलं. टेकमाया हसली नाही.

वॉर्डातही तेच. खाटेवरच्या बायका मान उंच करून विचारायच्या, "ती गोरी बहिनी कुठंय? तिच्या हाताला गुण आहे, सुई टोचलेली कळतसुद्धा नाही." सुई टोचणारी नर्स वेगळीच होती, बिर्गिता नुसती हात धरून उभी राहायची. आणि खाटेखालचं भांडं उचलून नेणाऱ्या टेकमायाच्या हाताला कसला गुण आहे, ते कुणी विचारत नसे. वाईट याचं वाटायचं, की पोरीत खोट काढावी तर सापडत नव्हती. चादरी कमी असताना त्या उलट्या करून कशा घालायच्या, लाजऱ्या बाईला लघवीला झाली का ते कसं विचारायचं, हे सगळं तिनं टेकमायाकडूनच शिकून घेतलं, आणि दर वेळी "दिदी, तू हुशार" म्हणाली. अशा माणसाचा राग धरायचा म्हणजे फार मेहनत पडते. टेकमाया ती मेहनत करत होती.

फाल्गुनात काठमांडूहून डॉक्टरांचं पथक आलं. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायकांची ऑपरेशनं व्हायची होती. दरवर्षी या शिबिराला डोंगरापलीकडून बायका चालत यायच्या. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं कुणाला न सांगता काढलेल्या. यादी हातात घेऊन नावं पुकारायचं काम टेकमायाचं. ते तिला आवडायचं, त्या दिवशी तिच्या आवाजावर सगळी ओसरी हलायची.

"धनकुमारी घर्ती! रूपसरा पुन! खिमसरी राना!"

तिसऱ्या नावाला कुणी उठलं नाही. नावासारखं नाव असतं, म्हणून टेकमायानं पुढचं वाचलं. वय अठ्ठावन्न. पत्ता त्यांच्याच गावचा, वॉर्ड चार. नवऱ्याचं नाव तिच्या सासऱ्याचंच. आणि 'सोबत कोण राहणार' या रकान्यात वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलं होतं, बिर्गिता.

ओसरीच्या टोकाला, खांबाआड, डोक्यावरून शाल घेतलेली आमा बसली होती. तिचा हात बिर्गिताच्या हातात होता.

"अगं, ही तुझी सासू ना?" रांगेतली एक ओळखीची बाई म्हणाली. "किती दिवसांपासून आहे गं त्रास?"

"आहे बरेच दिवस," टेकमाया म्हणाली, आणि कानापर्यंत लाल होऊन पुढचं नाव वाचलं.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. हिला सांगितलं. तीन महिन्यांच्या पाहुणीला सांगितलं. आणि जिनं वॉर्डात अशा शेकडो बायकांची लुगडी बदलली, त्या मला नाही. आमा चुलीपाशी एका कुल्ल्यावर बसायची. चढण आली की कुणी बघत नाहीसं पाहून थांबायची. स्वतःची लुगडी कधी धुवायला द्यायची नाही. टेकमायाला वाटायचं, सुनेचा हात लागलेला चालत नाही हिला. कुठल्याही परक्या बाईत तिनं हे पाच मिनिटांत ओळखलं असतं.

दुपारी आमाला खाट मिळाली. टेकमायानं पडदा ओढून घेतला.

"किती वर्षं?"

"तुझं लग्न व्हायच्या आधीपासून," आमा छताकडे बघत म्हणाली.

"आणि मी मेले होते? घरात इस्पितळाची बाई असताना त्या पोरीला सांगितलंत?"

"हळू बोल. बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे! मला का नाही सांगितलं?"

आमानं शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "शिबिर झालं की दरवर्षी घरी येऊन तू काय बोलतेस, आठव. या बायका म्हणजे गाढवं, पंधरा पंधरा वर्षं लपवतात, वास मारेपर्यंत लपवतात. भात वाढता वाढता बोलतेस. मी समोर बसून जेवत असते."

टेकमायाला ते आठवलं. बोलली होती. नाक मुरडून बोलली होती, आणि त्या वेळी घरात आपलं शहाणपण दाखवायला तेवढंच होतं तिच्यापाशी.

"त्या पोरीला मी बोलले त्यातलं निम्मं कळलंही नाही," आमा म्हणाली. "म्हणून तर बोलता आलं. शिवाय ती चैत्रात जाणार. तुझं तोंड मला रोज सकाळी बघायचंय."

टेकमाया पडद्याबाहेर आली ती सरळ मेट्रनच्या टेबलापाशी. बिर्गिताचं नाव खोडून तिनं आपलं लिहिलं.

"अगं, तुझी ड्यूटी?" मेट्रन म्हणाली. "आयाला सोबतीण होता येत नाही."

"मग रजा लिहा. सहा दिवस."

"शिबिराच्या आठवड्यात? आणि तू इतरांसारखी खाटेखाली चटई टाकून झोपणार?"

"खाटेखाली जागा असते ती कशासाठी?"

बिर्गिताला कळलं तेव्हा ती नुसती "बरं, दिदी" म्हणाली. भांडली असती तर टेकमायाला बरं वाटलं असतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी बिर्गिता ज्वानोचं, म्हणजे ओव्याचं कढण डब्यात घालून आली. तिला बघताच आमाचा चेहरा उजळला.

"आली माझी छोरी! बस गं, थकली असशील. किती वाळलीस!" आणि तोच आवाज पालटून, "टेकमाया! हळू! म्हैस धुतेस का मला? ती गाठ सोड आधी. अकरा वर्षं झाली, अजून गाठ मारता येत नाही मेलीला."

टेकमायानं गाठ सोडली, पुन्हा मारली. कापडं भांड्यात टाकली. बिर्गितानं भांड्याला हात लावला.

"मी नेतो, दिदी."

"सोड."

"तू तीन दिवस झोपला नाही."

"सोड म्हटलं ना. तू डबा उघड."

पण बिर्गिता डबा ठेवून तिच्यामागे नळापर्यंत आली. टेकमाया कापडं खळबळत होती, ती बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली. शब्द शोधत म्हणाली, "आमा तुला रागावते. मला कधीच रागावत नाही. मी खूप चुका करतो, तरी नाही."

टेकमायानं वर पाहिलं. पोरगी चेष्टा करत नव्हती. तिचा चेहरा खरंच उतरला होता.

"मग घेऊन जा की तिला डेन्मार्कला," टेकमाया म्हणाली. "पोटभर रागावेल."

आतून आमाची हाक आली. "काय कुजबुजताय गं दोघी? काय म्हणते माझी छोरी?"

टेकमायानं कापड घट्ट पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.

"काही नाही," ती ओरडून म्हणाली. "कढण गार होतंय म्हणते!"