फ्रिजचं रबर विकणारी बथशेबा

बथशेबा पेझारकर मला पहिल्यांदा भेटली ती १९६७ च्या उन्हाळ्यात, लंडनच्या इल्फर्डमधल्या फ्रिजच्या सुट्या भागांच्या दुकानात. आम्हाला या देशात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझा नवरा शशिधर हॉस्पिटलमध्ये ज्युनियर डॉक्टर होता. त्याच्या एका सहकाऱ्यानं घर बदलताना आपला जुना फ्रिज आम्हाला दिला, आणि तो जिन्यावरून वर चढवताना आम्ही दोघं घामाघूम झालो. एवढं करून त्यात दूध नासायचंच. मोटर मात्र सकाळपासून घुरघुरत असायची आणि विजेच्या मीटरमध्ये टाकलेलं नाणं बघता बघता संपायचं. शशिधर म्हणाला, "टाकून देऊ." मी म्हटलं, आधी कुणाला तरी विचारून तर बघू.

काउंटरमागे एक सडपातळ बाई उभी होती. राखाडी ओव्हरऑल, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, वय चाळिशीच्या आसपास. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकानं तिला विचारलं, "एखाद्या पुरुषाशी बोलता येईल का?" ती शांतपणे म्हणाली, "मिस्टर हॉबडे आत चहा घेतायत. तुम्ही सांगितलंत की ते बाहेर येतील आणि मला विचारतील." तो माणूस कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं मुकाट्यानं आपल्या थर्मोस्टॅटचा नंबर सांगितला.

माझी पाळी आली. मी अडखळत इंग्रजीत सुरुवात केली आणि दोनच वाक्यांत तिनं मराठीत विचारलं, "पुण्याच्या का तुम्ही?"

मला एकदम रडूच यायला लागलं. तिनं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि खिशातून बसचं तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं.

"हे फ्रिजच्या दारात धरा आणि दार लावा. मग ओढा. घट्ट धरून ठेवलं तर दाराचं रबर चांगलं. अलगद सुटून आलं तर रबर गेलं. चारही बाजूंना करून बघा. आणि फ्रिज भिंतीला चिकटलाय का? मागच्या जाळीवर धूळ आहे का? तिला वारा लागत नसेल तर मोटर बिचारी काय करणार? चांगला फ्रिज मधूनमधून गप्प बसतो. तुमचा बसतो का?"

आमचा बसत नव्हता. तिकीट तीन बाजूंनी सुटून आलं. मी नवं रबर नेलं, तिनं सांगितलं तसं कोमट पाण्यात बुडवून सरळ केलं, शशिधरनं स्क्रू आवळले. त्या संध्याकाळी फ्रिज पहिल्यांदा गप्प झाला तेव्हा बंदच पडला असं वाटून आम्ही दोघं धावत गेलो.

तिचे आभार मानायला म्हणून गेले आणि आमची मैत्री झाली ती कायमची. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. मूळ गाव अलिबागजवळचं, वाढलेली भायखळ्याला. मुंबईत एका हॉस्पिटलच्या भांडारात कामाला होती. कुठली बाटली कुठल्या फळीवर, हे डोळे मिटून सांगायची. भाऊ सहकुटुंब लंडनला निघाला तेव्हा त्याची लहान मुलं सांभाळायला हीही आली. पुढे भावानं इस्रायलला जायचं ठरवलं. त्याआधीच १९६३ मध्ये हिनं हॉबडेंच्या दुकानात झाडलोटीचं काम धरलं होतं. झाडता झाडता खोके पुसले, पुसता पुसता नंबर पाठ झाले, आणि एक दिवस हॉबडेंना हवा असलेला भाग हिनं शिडीवर न चढताच सांगितला. भाऊ गेला, ही राहिली. लग्न राहूनच गेलं होतं. त्याबद्दल ती कधी हळहळली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

हाईम आवासकर दुकानात आले ते १९७१ च्या ऑक्टोबरात. ही गोष्ट मला तिनंच सांगितली. उंच, जरासे वाकलेले, पन्नाशीचे गृहस्थ. एका शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतायचं काम करायचे. काउंटरवर कागद पसरून स्वतःशीच पुटपुटत होते, "साडेएकोणीस... की साडेवीस लिहिलंय मी?"

"दार उघडून मोजलंत की लावून?" बथशेबानं मराठीत विचारलं.

त्यांनी इतक्या झटक्यानं मान वर केली की चष्मा नाकावरून घसरला. दिवसभर लोकांच्या पँटी अचूक कापणारा हा माणूस फ्रिजचं माप मात्र चुकवून आला होता. मग बोलणं निघालं. घरी म्हातारी आई, हदासाबाई. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांत घालायचं औषध फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलेलं, आणि फ्रिज धड थंड होत नव्हता. शिवाय दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आतला दिवा काढून ठेवायचा, कारण शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी दिवा लावणं वर्ज्य; मग दार उघडलं तरी दिवा लागायचा नाही. तो काढून-घालून दिव्याची खाचही झिजली होती. हाईम या सगळ्याचं वर्णन असं करत होते की जणू दोन आजारी माणसं घरात आहेत, एक आई आणि एक फ्रिज.

दुसऱ्या दिवशी ते बरोबर माप घेऊन आले. बथशेबानं रबर दिलं. ते अर्ध्या इंचानं आखूड निघालं.

"माझ्या हातून कधी चुकीचा नंबर गेलेला नाही," ती मला सांगत होती. आमच्या स्वयंपाकघरात बसली होती, चहा निवत चालला होता. "आठ वर्षांत एकदाही नाही."

"मग या वेळी कसा गेला?"

तिनं कप बाजूला सारला. "गेला नाही गं, दिला. कागद समोर होता. हात बरोबर खोक्याकडे गेला होता, आणि मी तो शेजारच्या खोक्यात घातला. ते परत यावेत म्हणून. या वयात! लाज वाटते मला. त्या म्हातारीचं औषध होतं त्यात."

ही लाज खरी होती, म्हणूनच ती रविवारी बरोबर रबर घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेली. मलाही सोबत नेलं, एकटीला संकोच वाटत होता.

फ्रिज बघून तिनं कपाळावर हात मारला. एका बाजूला गॅसची शेगडी, पाठ भिंतीला टेकलेली, बर्फाच्या कप्प्यात टोपलीभर बर्फ साठलेला. हाईम बर्फ फोडायला सुरी घेऊन आले तशी ती ओरडलीच, "नको! आत थंड करणाऱ्या गॅसची नळी असते, तिला भोक पडलं की संपलं." फ्रिज बंद करून तिनं आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं आणि बर्फ आपोआप सुटू दिला. तोवर मागच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आतून पुसलं, जुनं रबर उतरवून नवं बसवलं, पुढचे पाय थोडे उंच केले म्हणजे दार आपल्या आपण लागेल. मग आम्ही सगळ्यांनी मिळून फ्रिज शेगडीपासून लांब, खिडकीच्या बाजूला सरकवला.

हदासाबाई खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होत्या. "आडनाव काय म्हणालीस?"

"पेझारकर."

"म्हणजे आमच्याच तालुक्यातली की! जेवून जायचं हं." आणि नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण आणि भात आम्हाला जेवायलाच लागला. हाईम वाढत होते. बथशेबाच्या ताटाकडे बघायचं टाळत होते, आणि म्हणून तिला तीनदा भात वाढला.

त्यानंतर बथशेबा अधूनमधून रविवारी तिकडे जाऊ लागली. नुसती जायची आणि यायची. दोघांपैकी कुणी काही बोलेना. डिसेंबरात तिच्या भावाचं पत्र आलं, की आता तू इकडेच ये, एकटी किती दिवस राहणार. ते पत्र तिनं मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "उत्तर काय लिहू, कळत नाही." मी म्हटलं, "हाईमना विचार." ती म्हणाली, "काय विचारू? जाऊ का, असं?"

१९७२ च्या फेब्रुवारीत कोळशाच्या खाणकामगारांचा संप चिघळला आणि वीज जायला लागली. कुठल्या भागात कधी अंधार, याचं वेळापत्रक पेपरात यायचं. दुकानात एवढी गर्दी लोटली की दार लागेना. प्रत्येकाचा प्रश्न एकच, आमच्या फ्रिजचं काय? बथशेबानं एक कागद लिहून काढला. वीज गेली की दार उघडू नका. रिकामा फ्रिज लवकर तापतो, तेव्हा मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवा. गरम अन्न आत घालू नका. दूध खिडकीबाहेर ठेवा, थंडी फुकट आहे. हाईम रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन काउंटरच्या कडेला उभे राहायचे आणि त्या कागदाच्या प्रती काढायचे. सुरेख अक्षर होतं त्यांचं. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मेणबत्तीच्या उजेडात दोघं शेजारी शेजारी लिहीत असायची. हॉबडेंनी हे पाहिलं आणि न सांगता दुसरी मेणबत्ती विझवली. काटकसर म्हणून, असं ते म्हणाले.

अशाच एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला बथशेबा हदासाबाईंकडे होती आणि वीज गेली. मेणबत्ती पेटवली, तिघं टेबलाभोवती बसली. मग म्हातारीनं विचारलं, "बाई, तू माझ्या मुलाला पहिल्यांदा आखूड रबर का दिलंस?"

बथशेबा टेबलावर सांडलेलं मेण नखानं खरवडू लागली.

"हा घरी येऊन सांगायचा, आई, त्या बाईची कधी चूक होत नाही. मिस्टर हॉबडेसुद्धा तिला विचारतात. मग हाच एक नंबर चुकला? माझे डोळे गेलेत, डोकं जाग्यावर आहे."

"आई, चूक झाली माझी," बथशेबा म्हणाली. "तुमचं औषध होतं. मी असं करायला नको होतं."

"औषध मी खिडकीत ठेवलं होतं, पाण्याच्या वाटीत. काही बिघडलं नाही. तू याचं बोल."

हाईम उठून उभे राहिले. काय करावं न सुचून त्यांनी खुर्ची नीट सरळ केली. "मला वाटलं होतं मीच माप चुकवलं," ते म्हणाले. "चार महिने मला तेच वाटतंय. तुमच्यासमोर दोनदा चुकलो, आता कुठल्या तोंडानं विचारायचं, म्हणून..."

"म्हणून काय?" म्हातारी म्हणाली. "आता विचार. वीज आली की परत लाजशील."

त्यांनी विचारलं. बथशेबा हो म्हणाली. हे मला दुसऱ्या दिवशी दुकानात सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि मागे रांगेत उभं असलेलं गिऱ्हाईक घसा खाकरत होतं. त्याच दिवशी तिनं भावाला पत्र टाकलं.

जूनमध्ये लग्न झालं. माझ्या हाताला लागली तेवढी फुलं मी तिच्या अंबाड्यात माळली. लग्नानंतरही ती काउंटरवर जात राहिली आणि गिऱ्हाइकांसाठी मिस पेझारकरच राहिली. "नाव बदललं तर लोकांना वाटेल, नंबर पाठ असलेली बाई गेली," ती म्हणायची.

हदासाबाई तिच्याबरोबर चार वर्षं राहिल्या. १९७६ चा तो उन्हाळा आठवणाऱ्यांना मी काय सांगू! आठवडेच्या आठवडे पाऊस नाही, गवत पिवळं पडलेलं, आणि अख्ख्या इल्फर्डचे फ्रिज एकदम धापा टाकायला लागलेले. दुकानात गर्दी, आणि घरी म्हातारी अंथरुणाला खिळलेली. अन्न जात नव्हतं. घोटभर पाणीसुद्धा ठसका लावायचं. बथशेबा सकाळी कामावर जायच्या आधी नारळाचं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवायची. दुपारी धावत घरी यायची, एक खडा फडक्यात गुंडाळून बारीक करायची आणि चमच्याच्या टोकानं एकेक कण म्हातारीच्या जिभेवर ठेवायची. मी एकदा तिथे होते. हदासाबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "अलिबागचा का गं नारळ?" बथशेबा म्हणाली, "हो आई, अलिबागचाच." नारळ इल्फर्ड लेनवरच्या दुकानातला होता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात म्हातारी गेली, दुपारीच, बथशेबाच्या मांडीवर डोकं ठेवून. सुतकाच्या रिवाजाप्रमाणे सात दिवस दोघं घरी जमिनीवर बसली. येणारे-जाणारे येत होते. आठव्या दिवशी हाईमनीच तिचा ओव्हरऑल इस्त्री करून खुंटीला लावला.

मी त्या दिवशी दुकानात गेले. हॉबडे मला हळूच म्हणाले, "मी तिला आठवडाभर आणखी सुट्टी घे म्हटलं. ऐकत नाही." काउंटरवर एक तरुण बाई उभी होती, कडेवर तान्हं बाळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. फ्रिज बंद पडला, दूध टिकत नाही, नवरा घरी नाही, असं एका दमात सांगत होती. बथशेबानं तिच्यासाठी आतून स्टूल आणलं.

"आधी बसा," ती म्हणाली. "बाळाला द्या माझ्याकडे. आता सावकाश सांगा, मोटरचा आवाज येतो की अजिबात येत नाही?"