शिरपतरावांची धोंडी

पौषातलं ऊन मांडीवर घेऊन सगुणाबाई दुकानापुढच्या खाटेवर कलंडतात. हिमाचलातल्या या उतारावर पूर्वी पौषात खाटच काय, दुकानही सापडायचं नाही. त्यांचे यजमान शिरपतराव सांगलीकडून सोनं गाळायला या मुलखात आले आणि सोनं सोडून बर्फाच्या नादी लागले. एका साली तर इतका बर्फ पडला, की ते आपलं दार समजून शेजाऱ्याच्या धुराड्यात शिरले आणि थेट त्याच्या राजम्यात उतरले. राजमा गार झाला म्हणून उलट शेजारीच रुसला!

यंदा उतार बोडका आहे. भाड्यानं द्यायच्या स्की भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि चहाच्या वेळेला भंगारवाला येणार आहे. देऊन टाकाव्यात, की अजून वाट बघावी? डोळे जड होतात.

"उद्या पडतोय बघ."

खाटेच्या कडेला शिरपतराव बसलेत. जाऊन वर्ष होत आलं, पण मिशीचा पीळ तसाच.

"मी काय पुण्याचं गिऱ्हाईक हाय?" सगुणाबाई फणकारतात. "ह्या एका वाक्यावर जन्मभर माणसं थोपवून धरलीत. मला खरं सांगा, येणार का न्हाई बर्फ?"

"मागून बघू की. धोंडी काढू."

त्या हसतात. हसता हसता देवदार मागं सरतात आणि उताराची गावाकडची गल्ली होते. शिरपतरावांच्या अंगभर कडुलिंबाचा पाला बांधलाय, पाऊस मागणाऱ्या धोंडीला बांधतात तसा. पायांत मात्र स्की. ते दारोदार घसरत नाचतात, बायका त्यांच्यावर कळशा उपड्या करतात. मग आभाळाकडं तोंड करून ते ओरडतात, "पाणी दे!"

आणि पाणी येतं. धो धो. गल्लीच्या टोकाशी उरलासुरला बर्फ गढूळ होऊन वाहून जातो.

"अवं, काय मागितलंत हे!"

"जिभेचं वळण गं. आपल्या गावानं दुसरं कधी काय मागितलंय?" ते ओशाळतात. "आन् काय बी मागितलं, तरी हल्ली वरनं हेच येतंय."

दोघं आता दुकानात उभी आहेत, घोटाभर पाण्यात. स्की माशांसारख्या दाराबाहेर निघाल्यात. सगुणाबाई अडवायला धावतात, तर शिरपतराव त्यांचा पदर धरतात.

"जाऊ दे, सगुणे. एखाद्या साली येईल, तोंड दाखवून जाईल. त्याच्यावर पोट भरायचं न्हाई आता."

उभ्या जन्मात शिरपतरावांच्या तोंडून निघालेली ही पहिली खरी गोष्ट. ऐकून सगुणाबाईंना रडू फुटतं.

"तुमी गेलात, तवा आपल्या रीतीनं लिंबाचं पान चावायचं राहिलं. मयताहून परतल्यावर चावतात ते. ह्या मुलखात लिंब कुठला? मला तुमी गेल्यागत वाटलंच न्हाई."

"म्हणून दुकान धरून बसलीस होय!" अंगावरच्या डहाळीतलं एक पान खुडून ते त्यांच्या ओठांत देतात. "चाव."

त्या चावतात.

"बाई! ओ बाई!"

भंगारवाला खाटेशी उभा आहे. ऊन मांडीवरून घरंगळून पायांशी गेलंय. "नेऊ का, की बर्फाची वाट बघताय?"

सगुणाबाईंना उत्तर द्यायचंय, पण तोंड कडूजहर झालंय. त्या तळहातावर थुंकतात. चघळलेलं, हिरवंगार, करवती काठाचं पान. आणि भोवती नजर जाईल तिथवर नुसते देवदार.

"ने," त्या म्हणतात. "मालक गेले आमचे."