तिघांचा एक श्वास

मुक्ताच्या चित्रीकरणात मी भर वादनात ‘वा’ म्हणालो. जन्मभर गाण्याच्या बैठकांना बसलेलो, दाद आपोआप निघते. पण पियानो, व्हायोलिन आणि माझ्या लेकीचा चेलो अशा पाश्चात्त्य मैफलीत मधेच कुणी ‘ब्र’ काढायचा नसतो. कॅमेरेवाल्याने हात वर केला.

“बाबा, परदेशातल्या कॉलेजला न कापलेलं रेकॉर्डिंग लागतं,” मुक्ता म्हणाली. “आता पहिल्यापासून वाजवायचं.”

मी शेवटच्या रांगेत बायकोशेजारी तोंडावर रुमाल धरून बसलो.

सुरू करण्याआधी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम श्वास घेतला. कुणी एक-दोन-तीन म्हटलं नाही, तरी तिन्ही वाद्यं एका क्षणी बोलू लागली. मुक्ता लहान असताना अंधारात नुसत्या श्वासावरून मी तिचा ताप ओळखायचो. आता तिचा श्वास ओळखणारी माणसं वेगळी आहेत. काही चुकू नये म्हणून मी देवाला विनवत होतो, आणि एखादा सूर चुकलाच तर पोरगी घरी राहील, असंही मनात येत होतं. बापाने असं मनात आणू नये. पण आलं.

एकही सूर चुकला नाही.

परतताना रिक्षात मी म्हणालो, “स्पर्धा फार असते म्हणे. घेतीलच असं नाही.”

“घेतील,” बायको म्हणाली. “उद्या लोकर आणायला जाऊ. तिकडच्या थंडीत तिचा एकही स्वेटर पुरायचा नाही.”