न्यूट्रल, मोठ्यानं

लायसन्स माझ्याकडे होतं, किल्ली मात्र बाबांकडे. सोमवारी गरौठा गावातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं होतं, आणि नेमकी त्याच दिवशी बाबांची ड्युटी. मला गाडी घेऊन एकटीनं जायचं होतं. त्यांची अट एकच: आदल्या दिवशी त्यांच्यासमोर गाडी नीट सुरू करून दाखवायची. नीट म्हणजे त्यांच्या पद्धतीनं.

बाबा रेल्वेत लोको पायलट आहेत. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं तसाच परत म्हणायचा. आमच्या छोट्या गाडीतही तोच नियम. प्रत्येक गोष्टीला हात लावून ती मोठ्यानं सांगायची, शेजारच्या सीटवरून बाबा परत म्हणणार, मग किल्ली.

माझा आवाज वर्गात हजेरी देतानाही निघायचा नाही. त्यात प्रेम नगरची आमची अरुंद गल्ली आणि समोरच्या ओट्यावर भाजी निवडणाऱ्या आंटीजी. सरावाच्या पहिल्या आठवड्यात मी सगळं एका दमात पुटपुटले आणि किल्ली फिरवली. गाडीनं अशी उडी मारली की फाटकाला पोचा पडला. गिअर पडलेला होता, क्लचवर पाय नव्हता.

"तोंडानं म्हणालीस," बाबा म्हणाले, "हातानं कुठं पाहिलंस?"

त्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठले. सोमवारचा रस्ता आत्ताच डोळ्यांसमोर पळत होता. गाडीखाली वाकून पाहिलं, कुत्रं नव्हतं. चष्मा विसरला होता, तो आतून घेऊन आले. बाबांच्या शेजारी बसले, बेल्ट लावला.

"हँडब्रेक वर."

"हँडब्रेक वर," बाबा म्हणाले.

"बिटिया, रेल चला रही हो क्या?" आंटीजींनी ओट्यावरून विचारलं. "हमें भी बीना स्टेशन तक छोड़ देना!"

माझे कान तापले. घाईनं गिअरच्या दांडीवर हात ठेवला. शब्द ओठांवर आलाच होता. पण न्यूट्रलमध्ये हलते तशी दांडी डावी-उजवीकडे हलेना. काल तर मीच ती मधे ठेवली होती. बाबा अगदी साळसूदपणे समोर बघत होते.

"बाबा, न्यूट्रल नाहीये! पहिला पडलाय!"

एवढं मोठ्यानं मी घरातसुद्धा कधी बोलले नव्हते.

"पहिला पडलाय," त्यांनी शांतपणे परत म्हटलं, आणि मग त्यांना हसू आवरेना. "तू चष्मा आणायला आत गेलीस तेव्हा मीच टाकला. हं, पुढं."

क्लच दाबला, दांडी मधे आणली, हलवून पाहिली.

"न्यूट्रल!"

"न्यूट्रल."

"क्लच दाबलेला!"

"क्लच दाबलेला."

किल्ली अर्धी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागू दिले, मग पूर्ण. इंजिन लागताच किल्ली सोडली. हाताखाली स्टेअरिंग थरथरत होतं.

बाबा बेल्ट काढून खाली उतरले.

"कुठं निघालात?"

"उद्या मी कुठं असणार आहे? जा, लक्ष्मी तलावापर्यंत एक चक्कर मारून ये."

दार बंद झालं. आरशात पाहिलं, मागं कुणी नव्हतं. पहिला टाकला.

"हँडब्रेक खाली!" मी रिकाम्या सीटला सांगितलं, आणि गाडी निघाली.