ड्रमची चीर

आमच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रींनी हातोडी उचलली की बाकीचे हात आपोआप थांबायचे. ते उतरवलेल्या ब्रेक ड्रमच्या कडेवर हलकेच ठोका मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. ड्रम धड असला की घंटेसारखा नाद लांबत जातो. चीर असली की फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. तसा आवाज आला की मिस्त्री एवढंच म्हणायचे, "भंगार." मग समोर मालक उभा असो की मालकाचा बाप, त्या शब्दात बदल होत नसे.

एकतीस वर्षं या माणसाने अवजड ट्रेलरच्या पोटाखाली काढली. चाकं उतरवायची, चाकाच्या मधला हब ओढून काढायचा, बेअरिंग धुऊन त्याचा एकेक रोलर बोटाने फिरवून बघायचा, तळहातावर ग्रीस घेऊन आत दाबायचं, झिजलेले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, बदलायचे. त्यांची बायको म्हणायची, "मी या घरात आल्यापासून दाराची कडी कधी गंजली नाही. ह्यांचे हात लागतात ना!" माणूस तापट, पण रागाला नेहमी कारण असायचं. कुणी चाकाचे नट अर्धवट आवळले तर ते त्याला त्या चाकाशेजारी उभं करून विचारायचे, "या गाडीच्या मागे स्कूटरवर तुझी बहीण असती तर?"

मी त्याच वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये होतो. मिस्त्री चिठ्ठी लिहायचे, मी माल काढून द्यायचो. त्यामुळे पुढे जे झालं ते मला सुरुवातीपासून ठाऊक होतं. हे आधीच सांगतो, कारण यात माझीही लाज आहे.

लोखंडी गुंडाळ्या वाहणारा एक ट्रेलर आला. ड्रायव्हरची तक्रार होती की मधल्या अ‍ॅक्सलचं डावं चाक हात लावू देत नाही इतकं तापतं. मिस्त्रींनी हब काढला. आतलं रबरी सील फाटून सगळं ग्रीस ब्रेकच्या लायनरवर उतरलं होतं. ड्रमवर ठोका मारला तर तोच बद्द आवाज. चीर आतून निघून थेट कडेपर्यंत पोचली होती. त्यांनी जॉब कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं: ड्रमला चीर आहे. गाडी सोडू नये. माझ्याकडे नवा ड्रम, लायनर आणि सील यांची चिठ्ठी आली.

ड्रम स्टोअरमध्ये शिल्लक नव्हता. मागवला तर तीन दिवस लागणार होते. मी चिठ्ठी मॅनेजरकडे नेली. त्याने ती वाचली आणि म्हणाला की गाडी आजच निघायला हवी, लायनर डिझेलने धुवा आणि तोच ड्रम चढवा. मिस्त्री हातातला पाना न ठेवताच त्याच्या केबिनमध्ये गेले. लायनर म्हणजे काही सदरा नव्हे, ते म्हणाले. धुतलं की वरून स्वच्छ दिसतं, पण तापलं की आत मुरलेलं ग्रीस पुन्हा वर येतं. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि मिस्त्रींना दुसऱ्या कामावर पाठवलं. दुपारच्या पाळीतल्या फिटरकडून त्याने चाक चढवून घेतलं. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या उतारावर तो ड्रम फुटला. त्या चाकाचा भार बाकीच्या चाकांवर आला, तीही तापली आणि ब्रेकचं पेडल दाबून काही होईना. खाली शाळा सुटण्याची वेळ. ड्रायव्हरने गाडी रस्त्याकडेच्या मातीच्या बांधात घातली. पुढे कुणालाही खरचटलं नाही. केबिन मात्र चेपली आणि ड्रायव्हरचा उजवा पाय घोट्यापासून गेला.

तिसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: हबच्या कामात निष्काळजीपणा केल्याबद्दल मिस्त्रींना निलंबित करण्यात येत आहे. ज्या जॉब कार्डावर त्यांनी "गाडी सोडू नये" लिहिलं होतं ते गायब होतं. त्याच्या जागी दुसरं होतं, "काम पूर्ण, गाडी योग्य" असं लिहिलेलं, खाली मिस्त्रींची सही. सही अगदी सुबक होती. मिस्त्रींची खरी सही म्हणजे कोंबडीने माती उकरावी तशी. आम्ही सगळ्यांनी ती हजार वेळा पाहिलेली. फलकासमोर आम्ही चाळीसजण उभे होतो. एकानेही तोंड उघडलं नाही. मी तर मिठाची गुळणी धरून स्टोअरमध्ये जाऊन बसलो. माझ्या घरी दोन मुली शिकत होत्या, असं मी स्वतःला सांगितलं. मिस्त्रींच्याही घरी माणसंच होती, हे मला सुचलं नाही.

त्यांना नोकरीपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. आठवडाभराने सकाळी ड्रायव्हरची बायको त्यांच्या गल्लीत आली. मॅनेजर स्वतः इस्पितळात जाऊन तिला सांगून आला होता की मिस्त्रीने चाक नीट बसवलं नाही. ती दारात उभी राहिली. शेजारच्या खिडक्या उघडल्या.

"तुमच्या हातांना काही होणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोन्ही पायांवर उभे आहात. माझ्या नवऱ्याला बघून या एकदा."

मिस्त्रींच्या बायकोने तिला आत बसायला सांगितलं, पण ती थांबली नाही. मिस्त्रींनी सदरा घातला आणि खरोखरच इस्पितळात गेले. ड्रायव्हरने त्यांना पाहून भिंतीकडे तोंड फिरवलं. मिस्त्री तासभर खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होते. मग उठून थेट अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी निरीक्षकाच्या कचेरीत गेले.

तिथे त्यांना सांगण्यात आलं की कागदपत्रं तपासून झाली आहेत. मिस्त्रींनी विचारलं, कागदांना ब्रेक होते का? हब कुणी उघडून पाहिला का? कुणीच पाहिला नव्हता. गाडी जप्तीच्या आवारात ताडपत्रीखाली पडली होती. मिस्त्रींनी अर्ज दिला. उत्तर आलं नाही. दुसरा दिला. मग ते रोज सकाळी दहाला त्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसू लागले. शिपाई म्हणायचा, साहेब नाहीत. मिस्त्री म्हणायचे, बाक तर आहे. सोळाव्या दिवशी निरीक्षकाने कंटाळून तारीख दिली. मिस्त्रींनी एकच अट घातली: ड्रायव्हरच्या बायकोला बोलवा.

त्या तारखेला मलाही स्टोअरचं रजिस्टर घेऊन बोलावलं होतं. मॅनेजर गाडीतून आला. ती बाई एका बाजूला, हात घडी घालून उभी होती. मिस्त्रींनी घरून स्वतःची हत्यारं आणली होती. त्यांनी चाक उतरवलं, हब काढला, फुटलेल्या ड्रमचे दोन तुकडे ताडपत्रीवर ठेवले आणि निरीक्षकाला जवळ बोलावलं.

तुटलेल्या कडेचा थोडासा भाग चकचकीत होता. तिथे लोखंड त्या दिवशी तुटलं होतं. बाकी सगळी कड तांबूस काळी पडलेली, गंज आणि ब्रेकची काजळी आत मुरलेली. हे तुटणं एका दिवसाचं नाही, मिस्त्री म्हणाले, ही चीर कित्येक दिवस उघडी होती. मग त्यांनी लायनरचा तुकडा उचलला आणि निरीक्षकाकडे न देता त्या बाईपुढे धरला.

"वहिनी, वास घ्या."

तिने घेतला. "डिझेल," ती म्हणाली.

"मी लायनरला डिझेल लावत नाही. एकतीस वर्षांत कधी लावलं नाही."

मॅनेजर म्हणाला की वर्कशॉपमध्ये डिझेलचा वास सगळ्यालाच येतो, आणि चीर दिसली होती तर मिस्त्रींनी नवा ड्रम का मागितला नाही? निरीक्षकाने माझ्याकडे पाहिलं. रजिस्टर माझ्या काखेत होतं. त्या पानावर काहीच नव्हतं, कारण मॅनेजरने मला ती मागणी लिहूच दिली नव्हती. मला सहज म्हणता आलं असतं, नोंद नाही. ते खोटंही ठरलं नसतं. पण ती बाई लायनरचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"मागितला होता," मी म्हणालो. "चिठ्ठी मीच यांच्या टेबलावर ठेवली."

मॅनेजर माझ्यावर ओरडला नाही. त्याने फक्त घड्याळ पाहिलं. ती बाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही इस्पितळात आलात," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या उशाशी बसलात. आणि मला या माणसाच्या दारात शिव्या द्यायला पाठवलंत."

दुपारच्या पाळीतल्या फिटरनेही मग कबुली दिली. अहवालात मिस्त्रींवरचा ठपका पुसला गेला. ड्रायव्हरला नुकसानभरपाई मिळाली आणि तो आता एका वजनकाट्यावर बसतो. मिस्त्रींना कामावर हजर होण्याचं पत्र आलं. त्यांनी मालकाला विचारलं की निलंबनाचा कागद बेचाळीस दिवस सगळ्यांसमोर फलकावर होता, तर चूक कबूल केल्याचा कागदही तिथे बेचाळीस दिवस लावाल का? मालक म्हणाला, झालं गेलं विसरा, अशी पद्धत नाही. मिस्त्री म्हणाले, मग माझीही यायची पद्धत नाही.

मी त्यांना भेटायला गेलो आणि मूर्खासारखा बोलून गेलो, "सुटलात एकदाचे."

"सुटतो तो गुन्हेगार," ते म्हणाले. "मी कशातून सुटलो? मी काय केलं होतं?"

मी खाली मान घालून माफी मागितली. त्या आवारात बोललो त्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले नाहीत. ते बरोबरच होतं. त्यांच्या बायकोने चहा दिला. त्या म्हणाल्या की ह्यांना आता झोप लागते, पण वर्तमानपत्र वाचताना मधेच मोठ्याने बोलतात.

हल्ली मिस्त्री दुधाचे टँकर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या गॅरेजात असतात. परवा मी तिकडून जात होतो म्हणून थांबलो. ते हबमध्ये ग्रीस भरत होते. मॅनेजरचं काय झालं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की त्याच्यावरचं प्रकरण रेंगाळलंय आणि त्याला मुख्य कचेरीत बढती मिळाली आहे. आता पाच वर्कशॉप त्याच्या हाताखाली आहेत.

मिस्त्रींचा हात थांबला. "पाच," ते म्हणाले. "आणि त्या पाचांत चिठ्ठ्या कोण नेतं त्याच्या टेबलावर?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी हात पुसला, खिशातून कागद काढला आणि मला त्या पाचही ठिकाणांचे पत्ते लिहून द्यायला सांगितले.