डाव्या कानामागचे दोन वळ

मागच्या भादव्यात आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माळावर बसून भोवत्याची वाट बघणं. चांदवडजवळ आमच्या गावावरचा माळ — नुसतं गवत आणि खडक, झाड औषधाला नाही. पाऊस सरत आला की उत्तरेच्या खिंडीतून हा पक्षी येतो. राखाडी अंग, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी, गवताला पोट घासत उडतो. तो दिसला की आम्ही उन्हाळी कांद्याचं बी टाकायला काढतो. बाप तसंच करायचा.

पण पहिला नेहमी तिलाच दिसायचा. मग माझा डावा कान पिळून ती माझं तोंड तिकडं वळवायची.

"अवं, डोळे हायेत का सदऱ्याची बटणं? तिकडं बघा!"

"कान सोड म्हातारे, तोडून घरी नेती का काय?"

"नेते की! तुमाला तरी त्याचा काय उपेग? माझं कधी ऐकलंत का?"

तिच्या अंगठ्याचं नख विळ्यानं मधोमध चिरलेलं, ते दोन फाकांचंच वाढायचं. म्हणून कानामागं दोन वळ उठायचे, शेजारी-शेजारी.

त्याच आठवड्यात भाकरी थापता थापता तिच्या डोक्यातली शीर फुटली. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला, तेव्हा मला कळलं.

भूतबीत मी मानत नाही. मसणवट्याच्या कडेच्या शेतात आयुष्यभर पाणी भरलं, कधी काही आडवं आलं नाही. आत्मा बोलतो म्हणणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हटलंय. चौथी शिकलेला माणूस, झालं तेवढंच लिहितो.

यंदा एकटाच निघालो. मुलगा म्हणाला, "नाना, आता कशाला? बी कधी टाकायचं ते मोबाईलवर कळतंय." तरी गेलो. कोवळं ऊन, वारा अजिबात नाही. मी गावाकडं बघत बसलो होतो... आणि डावा कान कुणीतरी धरला. जोरात. मुंडकं फिरलंच — समोर भोवत्या! यंदाचा पहिला.

पाखरू कोण बघतो? झटक्यात मागं वळून हात टाकला. हातात काही नाही. लांबपर्यंत गवत, माणूस नाही की शेळी नाही.

"आलीस ती पाखरू दाखवाया? तोंड दाखव की, भवाने!" लय ओरडलो.

घरी सून म्हणाली, "नाना, कानामागं काय झालं? दोन लाल रेघा हायेत."

मुलगा म्हणाला, काटा लागला असेल. त्या माळावर काटा दाखव म्हटलं. डॉक्टर म्हणाला, वयानं मानेची शीर आखडते. शीर आखडली की नख उमटतं का? मला अजून उत्तर मिळालेलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, पण गोड बोलून समजूत काढू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत माळावर गेलो. खिंडीकडं मुद्दाम पाठ करून बसलो. टोपी काढून मांडीवर ठेवली — कान मोकळा. मला पाखरू नको होतं, तिचा हात हवा होता.

पाखराची सावली आली. मागून सरकत माझ्या चपलांवर, तिथून समोरच्या गवतावर, आणि गेली. मी मान हलवली नाही. कान कुणी धरला नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मीच माझा कान धरला आणि पिळला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. घरी येऊन सुनेपुढं कान केला.

"एकच वळ हाय, नाना."